हॅलडेनचे मतदार मनोहरकाका

काका, आमच्या गल्लीत नळ नव्हता हे मी तुम्हाला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा तुम्ही विचारलंत, "मतदारसंघ कुठला तुमचा?" बाकीचे लोक विचारतात, मग पाणी कुठून आणायचात? आणि हळहळतात. तुम्हाला मतदारसंघ हवा होता. हा माणूस जरा वेगळा आहे हे मला तिथंच कळलं, आणि याला सगळं सांगायला हरकत नाही, असंही वाटलं.

तर आमच्याकडे असं होतं. सोलापुरातली गिरणी बंद पडली आणि बाबा घरी बसले ते बसलेच. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. संध्याकाळी कारखान्यात विड्या द्यायला गेलं की तिथला माणूस मूठभर विड्या वाईट म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे नाहीत आणि त्या परतही नाहीत. मी आईशेजारी बसून पानं कापायची आणि तिथंच अभ्यास करायची. माझ्या दप्तराला तंबाखूचा वास यायचा, म्हणून वर्गातल्या मुली जरा सरकून बसायच्या. पाण्याला दोन गल्ल्या ओलांडून जायचं, आणि तिथल्या बायका आम्हाला शेवटी भरू द्यायच्या.

नळ आला तो निवडणुकीच्या तोंडावर. उमेदवार हात जोडत गल्लीतून चालला होता. आई सूप बाजूला ठेवून उठली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. "पाणी द्या. मग मत." त्याच्या बरोबरची पोरं हसली. तो हसला नाही. महिन्याभरात कोपऱ्यावर नळ बसला. आई अजून म्हणते, "माझ्याजवळ देण्यासारखं तेवढंच होतं की. तेवढंच दाखवलं."

हे ऐकून तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "शाब्बास! तुझी आई आमच्या हॅलडेनला हवी होती."

त्या दिवशी हॅलडेन हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर किती वेळा ऐकलं, त्याला हिशेब नाही.

माझ्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. इंजिनियर झाले, पुण्यात नोकरी लागली, कंपनीनं इकडे अमेरिकेत पाठवलं. हे मी ताठ मानेनं सांगते. पण हर्नडनला आल्यावर एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. आईजवळ जे तेवढंच होतं, ते माझ्याजवळ उरलं नाही. इथं मला मत नाही. तिकडे मत द्यायचं तर स्वतः जाऊन रांगेत उभं राहावं लागतं, आणि मला तिकडे जायची भीती. पासपोर्टवरचा व्हिसा कधीच संपला आहे. कंपनीच्या कागदांवर इथं राहता येतं, काम करता येतं. पण एकदा बाहेर पडलं तर नव्या शिक्क्यासाठी किती अडकून पडावं लागेल ते कुणी सांगत नाही. वकील म्हणतो, शक्यतो प्रवास टाळा. नोकरी बदलायची तर पुन्हा कागद, पुन्हा धाकधूक. ग्रीन कार्डाची रांग एवढी लांब की नितीन म्हणतो, "ईराचं लग्न आधी होईल." ईरा आमची मुलगी, आता दुसरीत आहे. नवरा हे विनोदानं म्हणतो, पण गेली दोन-तीन वर्षं मला त्यावर हसू येत नाही. मागच्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं, ते मी फोनच्या स्क्रीनवर पाहिलं. म्हणजे ऑपरेशन नाही, दवाखान्याच्या कॉरिडॉरमधला पंखा पाहिला. भावानं फोन उलटा धरला होता.

निवडणुकीच्या दिवसांत दारावर बेल वाजते. हसरी मुलंमुली हातात टॅब घेऊन उभी असतात. तुम्ही मतदार आहात का? मी नाही म्हणते. ती तितकीच हसत थँक्यू म्हणून पुढच्या दाराला जातात. त्यांचा काही दोष नाही. पण दार लावताना मला दर वेळी आई आठवते, रस्त्याच्या मधोमध उभी असलेली.

तुमचं अडकणं वेगळं होतं. काकू गेल्यावर अनघानं तुम्हाला कॅनडातून इकडे आणलं. आमच्या अपार्टमेंटसमोरच्या रस्त्यापलीकडे तिचं टाऊनहाऊस. लेकीनं काही कमी केलं नाही, हे तुम्हीही म्हणायचात. पण डोळे गेल्यामुळे ड्रायव्हिंग बंद, वाचन बंद. अनघा सकाळी बाहेर पडली की घरात तुम्ही आणि फ्रिजचा आवाज. "वैशाली," तुम्ही एकदा म्हणालात, "मी चाळीस वर्षं ओतकामाच्या कारखान्यात उभा राहिलो. तिथं एवढं गरम झालं नाही जेवढं या एसीत होतं."

मग ईराला दुपारी शाळेतून आणायचं काम तुम्ही स्वतःहून मागून घेतलंत. शाळा आमच्या बाल्कनीतून दिसते. मधे एक फूटपाथ आणि एक झेब्रा क्रॉसिंग, जिथं पिवळ्या जाकिटातली बाई हात करून गाड्या थांबवते. तेवढा रस्ता तुम्हाला डोळे मिटूनही जमत होता. येताना ईराचा हात धरून तुम्ही तिला हॅलडेनचा इतिहास सांगायचात, आणि तुम्हाला आबा म्हणणारी ती घरी येऊन मला विचारायची, "आई, why did they break Aaba's riding?"

मला आधी वाटलं, सायकल मोडली असेल. तुम्ही तिथंच मला समजावलंत. कॅनडात खासदाराच्या मतदारसंघाला रायडिंग म्हणतात, आणि दर दहा वर्षांनी, जनगणनेनंतर, त्याच्या सीमा नव्यानं आखतात. त्या आखणीत कधी एखादा मतदारसंघ उरतच नाही. हॅलडेनचं तसं झालं.

डोळ्यांमुळे तुम्हाला लिहिता येत नव्हतं, म्हणून तो इतिहास सगळा तोंडी होता. सरकारदरबारी हॅलडेनबद्दल जे आहे ते चार ओळींचं आहे. केव्हा झाला, कुणाकुणाला निवडून दिलं, केव्हा रद्द झाला, कुठल्या तीन मतदारसंघांत वाटला गेला. तुम्हाला त्याचा राग होता. "माणूस गेलं तर निदान दहावं-तेरावं करतात," तुम्ही म्हणायचात. "एवढा मुलूख गेला आणि कुणी जेवायलासुद्धा बोलावलं नाही!"

म्हणून आज मला तुमच्या त्या चार ओळींच्या मधलं सांगू द्या. चुकलं तर तुम्ही दुरुस्त करणार नाही आहात. त्याची सवय करून घ्यायची आहे.

हॅलडेन म्हणजे आधी सफरचंदाच्या बागा आणि गाईगुरं. तुम्ही ज्या म्हाताऱ्यांकडून ऐकलंत ते सांगायचे की पहिलावहिला खासदार डॉक्टर होता आणि हिवाळ्यात घसरगाडीतून प्रचाराला यायचा. मतं मागायच्या आधी जीभ बाहेर काढायला लावून तपासायचा. मग नदीकाठी ओतकामाचा कारखाना आला, चुली आणि शेगड्या बनवणारा. त्यासाठी डच आले, पोर्तुगीज आले, आणि शेवटी मिरजेहून तुम्ही आलात. नदीच्या अलीकडे हॅलडेन आणि ब्रुकवेल ही जोडगावं, पलीकडे नवी वस्ती. मधे एक लोखंडी पूल. कारखाना अलीकडे, कामगारांची घरं पलीकडे, म्हणून सकाळ-संध्याकाळ सगळं गाव त्या पुलावर.

तुमचं पहिलं मतदान मला पाठ आहे. चर्चच्या तळघरात बूथ. तुम्ही सूट घालून गेलात. बाईनं कागद दिला आणि बरोबर दिली पेन्सिल. तुम्ही हबकलात. "पेन्सिल? खोडली तर?" बाई तुमच्याकडे पाहत म्हणाली, "अहो, इथं कोण खोडायला बसलंय? मला घरी जाऊन स्वयंपाक करायचाय." तरी तुम्ही खिशातलं पेन काढून फुली मारलीत. बाहेर आल्यावर काकूंनी विचारलं, "शाई कुठंय बोटाला?" त्यांना वाटलं, तुम्ही मत न देताच परत आलात.

आणि तो उमेदवार, जो बर्फातून दारात आला आणि बूट काढून आत आला म्हणून काकूंनी त्याला पोहे दिले. नंतर तो प्रत्येक निवडणुकीला तुमच्याकडे बरोबर नाश्त्याच्या वेळी यायचा. तुम्ही त्याला कधी मत दिलं नाहीत. "पोहे दिले ना, आणखी काय?" पडला त्या वर्षीसुद्धा तो आला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी. मत मागायला नाही, पोहे खायला.

मग पहिली फेरआखणी आली. यावर तुम्ही फार हळू बोलायचात. आयोगानं प्रस्ताव मांडला. मतदारसंघाचं नाव ब्रुकवेल–हॅलडेन, आणि एका बाजूची सीमा नदीवरून. म्हणजे पुलाच्या पलीकडची कामगारांची वस्ती शेजारच्या मतदारसंघात. सुनावणी ठरली. कुणीही नाव नोंदवून बोलावं.

आणि हॅलडेन पेटलं ते कशावर? नावावर. आमचं गाव जुनं, आमचं नाव आधी हवं. तिथं मराठी घरं पाच, आणि त्या पाच घरांत मंडळं दोन. एक हॅलडेनचं, एक ब्रुकवेलचं, कारण गणपतीच्या पावतीवर कुठल्या गावाचं नाव छापायचं यावरून काही वर्षांपूर्वी फाटलं होतं. त्या फाटाफुटीचा अनुभव तुमच्या पाठीशी. गावकऱ्यांना वाटलं, हा माणूस नावाच्या भांडणात तयार आहे, यालाच बोलू द्या. तुम्ही बोललात. झकास बोललात म्हणे. लोक उभे राहिले, टाळ्या झाल्या. आयोगानं मान्य केलं. हॅलडेन–ब्रुकवेल. हॅलडेन आधी.

नदीवरच्या रेघेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ती रेघ तशीच राहिली. पुलापलीकडची घरं गेली. दहा वर्षांनी पुढची आखणी आली तेव्हा उरलेल्या हॅलडेनमध्ये माणसं कमी पडली आणि त्याचे तीन तुकडे झाले.

"आम्ही नाव मागितलं, ते दिलं त्यांनी," तुम्ही म्हणायचात. "पूल मागायला हवा होता."

खासदाराचं ऑफिस बंद व्हायच्या दिवशी दोन्ही गावांची माणसं आपापला पदार्थ घेऊन जमली. काकूंनी शिरा नेला होता. सगळे ताटल्या भरून उभे. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "छान आहे हो, वाढदिवस कुणाचा?" हे सांगताना तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचात. हसण्याचंच पाणी होतं असं मी धरून चालले.

इकडे आल्यावरही तुमचा मतदानाचा कागद कॅनडाहून पोस्टानं यायचा. त्यावर नावं छापलेली नसतात, उमेदवाराचं नाव आपण हातानं लिहायचं. ते लिहायला तुम्ही अनघाला बसवायचात. ती करवादायची, "बाबा, you don't even know these people!" तुम्ही म्हणायचात, "तेच तर. ज्यांना मी कधी भेटलो नाही, त्यांचा खासदार निवडतोय. कारण माझं जुनं घर आता त्यांच्या तुकड्यात आहे. पण लिही. नीट लिही."

आणि मग यंदाच्या हिवाळ्यात आमच्याच दारात रेघ आली.

शाळा बोर्डाचा शाळांच्या हद्दी नव्यानं आखायचा प्रस्ताव होता, आणि त्यावर सुनावणी ठेवली होती. नव्या नकाशात रेघ आमच्या समोरच्या रस्त्यावरून. पलीकडची टाऊनहाऊस, म्हणजे अनघाचं घर, याच शाळेत. अलीकडचं आमचं अपार्टमेंट कॉम्प्लेक्स मोठ्या हायवेपलीकडच्या शाळेत. तुम्ही म्हणालात, "नकाशा सांग मला, बोटानं दाखव." मी तुमचं बोट धरून स्क्रीनवरून फिरवलं. तुम्ही बोट काढून घेतलंत. "हीच ती नदी," म्हणालात.

आपल्या लोकांची कॉम्प्लेक्सच्या क्लबहाऊसमध्ये मीटिंग झाली. तुम्ही हट्टानं आलात. पाऊण तास गेला तो ग्रुपचं नाव काय ठेवायचं यावर. इंडियन पेरेंट्स म्हणावं की रेसिडेंट्स म्हणावं. नागपूरचा प्रशांत म्हणाला, "यार, इंडियन लिहिलं तर वजन येतं." कुणी म्हणालं, उलट जातं. मग शाळेचं रेटिंग, मग पुन्हा नाव. तुम्ही काठी आपटलीत. "अरे, नाव सोडा रे! माझं नाव पहिलं आलं होतं. मग काय झालं, ते विचारा मला!" कुणी विचारलं नाही. आजोबा दमले असतील म्हणून प्रशांतनं तुम्हाला पाणी आणून दिलं.

घरी येताना तुम्ही मला म्हणालात, "सुनावणीत तू बोल."

"मी? काका, मी व्हिसावर आहे."

"मग? तोंड व्हिसावर आहे का?"

"तुम्हाला गंमत वाटते. सरकारी माईकवर जाऊन नाव-पत्ता सांगायचा, व्हिडिओ होणार, उद्या कुणी काही काढलं तर? आमचं सगळं एका कागदावर उभंय."

"शाळेबद्दल बोलायला नागरिक असावं लागत नाही. मी अनघाला विचारलंय."

"लागत नसेल. पण ज्याला मत नाही त्याचं ऐकतं कोण? माझी आई बोलली ते ऐकलं, कारण तिच्या हातात मत होतं. माझ्या हातात काय आहे?"

तुम्ही म्हणालात, "माझ्या हातात मत होतं, मी नागरिक होतो, सूट घातला होता, आणि मी चुकीचं बोललो. त्यानं मतदारसंघ गेला. तुझ्या हातात काही नाही, तर निदान बरोबर तरी बोल."

मला राग आला. दिवसभर कामावर ऐकून घ्यायचं, वकिलाचं ऐकायचं, आणि आता हे. मी म्हणाले, "काका, तुमच्या बोलण्यानं काही गेलं नाही. रेघा लोकसंख्येवर आखतात. तुम्ही पुलाबद्दल बोलला असतात तरी हॅलडेन गेलंच असतं. तुम्ही उगाच ते अंगाला लावून घेता."

तुम्ही थांबलात. काठीनं फूटपाथची कड चाचपलीत. "म्हणजे मी बोललो काय, न बोललो काय, सारखंच?"

"हो," मी म्हणाले.

"नाही," तुम्ही म्हणालात. "माझ्यामुळेच गेलं." आणि रस्ता ओलांडून गेलात. वळून हात केला नाहीत, जो एरवी करायचात, मी दिसत नसले तरी.

मी वाईट बोलले असं मला तेव्हा वाटलं नाही. खरं सांगू, अजूनही पूर्ण वाटत नाही. मी तुमच्या खांद्यावरचं ओझं काढत होते असं मला वाटत होतं. तुम्ही ते ओझं का सोडत नाही, ते मला कळत नव्हतं. तुम्ही गेल्यावर, ईराला आणायला मी लंच ब्रेकमध्ये स्वतः जायला लागले तेव्हा, त्या क्रॉसिंगवर उभं असताना एकदम कळलं. चूक तुमची असेल, तरच तुमचं बोलणं मोजलं गेलं होतं. चूक तुमची नसेल, तर त्या हॉलमध्ये सूट घालून उभा असलेला माणूस कुणीच नव्हता. तुम्हाला दोष चालत होता, काका. कुणीच नसणं चालत नव्हतं.

आणि मी इतकी वर्षं नेमकं ते चालवून घेत होते.

त्या भांडणानंतर आपण भेटत राहिलो. तुम्ही ईराला आणत होता, मी चहा ठेवत होते, तुम्ही "साखर कमी" म्हणत होता. हॅलडेनचं नाव दोघांनीही काढलं नाही. मग एका बुधवारी ऑफिसमधल्या फोन रूममध्ये दार लावून मी सुनावणीसाठी माझं नाव नोंदवलं. नितीनलासुद्धा आधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगणार होते, पुढच्या वेळी तुम्ही ईराला घेऊन आलात की. गुरुवारी शाळेला सुट्टी होती. शुक्रवारी सकाळी अनघाचा फोन आला. "वैशाली, बाबा उठत नाहीयेत." मग इंग्रजीत काहीतरी म्हणाली, मग नुसतीच रडली.

नाव नोंदवल्याचं तुम्हाला सांगायचं राहिलं. बाकी सगळं आपण बोललो होतो. एवढंच राहिलं.

फ्युनरल होममध्ये फुलं खूप होती आणि तुम्हाला त्यांचा वास सहन झाला नसता. ईरानं अनघाला विचारलं, "Where will his vote go now?" अनघा म्हणाली, "मला खरंच माहीत नाही गं." इतक्या दिवसांत ती तिथं पहिल्यांदा हसली.

सुनावणीच्या आधी मी बोलायचं ते लिहून काढलं. पहिल्या मसुद्यात शाळेचं रेटिंग होतं, आणि आम्ही किती शिकलेले, किती टॅक्स भरणारे लोक आहोत ते होतं. वाचताना तुमची काठी ऐकू आली. हे सगळं म्हणजे हॅलडेन आधी, ब्रुकवेल नंतर. खोडलं. मग मी आमच्या मजल्यावरच्या मार्ताकडे गेले. ती एल साल्वादोरची, पहाटे ऑफिसं साफ करायला जाते, तिची दोन मुलं याच शाळेत. इतकी वर्षं आम्ही लिफ्टमध्ये नुसतं हसायचो. तिला विचारलं, हायवेपलीकडे मुलं गेली तर तुझं काय होईल? ती म्हणाली, घरातली एकुलती गाडी नवरा नेतो. मुलाला दम्याचा त्रास आहे. आता शाळेतून फोन आला की ती धावत पाच मिनिटांत पोचते. तिकडे धावत जायला फूटपाथच नाही. मी पुढच्या घरी विचारलं. मग त्याच्या पुढच्या. प्रशांत बरोबर आला. नावाबद्दल काही बोलला नाही.

हॉल मोठा होता. माझ्या आधी पलीकडच्या टाऊनहाऊसमधले एक गृहस्थ बोलले, घरांच्या किमतींवर. माझं नाव पुकारलं गेलं. माईकजवळ घड्याळ होतं, तीन मिनिटांवरून मागे जाणारं. वकील आठवला. तो शिक्का आठवला. मार्तानं माझ्या पाठीला हात लावला, ढकलल्यासारखा.

मी नाव सांगितलं, पत्ता सांगितला. मग फक्त फूटपाथबद्दल बोलले. बाल्कनीतून शाळा दिसते हे सांगितलं. किती घरांत एकच गाडी आहे आणि ती सकाळी कुठं जाते ते सांगितलं. हायवेवर क्रॉसिंग नाही, हे सांगितलं. आजारी मुलाला आणायला आई कशी जाणार, ते मी त्यांना विचारलं आणि गप्प राहिले, कारण मला खरोखर उत्तर हवं होतं. दुपारी मुलीला शाळेतून चालत आणणारे एक आजोबा होते, ज्यांना दिसत नव्हतं, तरी तो रस्ता त्यांना जमायचा, हेही सांगितलं. ते गेले असं सांगताना घंटा वाजली. वाक्य तसंच राहिलं.

टाळ्या झाल्या नाहीत. टाळ्या वाजवू नका, असं आधीच सांगितलं होतं. बोर्डातल्या एका बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. बस.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मत नव्हतं, तर मग काय दाखवलंस?" मी म्हटलं, "रस्ता दाखवला." ती म्हणाली, "बरं झालं की. गप बसली नाहीस ना? बास."

काका, माझं काही सुटलेलं नाही. रांग तिथंच आहे, शिक्का नाही, आईला भेटायला मी अजूनही जाऊ शकत नाही. निवडणूक येईल तेव्हा दारावरची हसरी मुलं थँक्यू म्हणून पुढे जातील. आणि आपला वादही मिटलेला नाही. माझ्या बोलण्यानं काही झालं की त्यांनी ते आधीच ठरवलं होतं, मला माहीत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, तुझ्यामुळेच. मी नाही म्हटलं असतं. चहा गार झाला असता.

मागच्या आठवड्यात बोर्डानं अंतिम नकाशा मंजूर केला. रेघ आमच्या समोरच्या रस्त्यावरून उचलून कॉम्प्लेक्सच्या मागे नेली आहे. ऑगस्टमध्ये शाळा सुरू होईल तेव्हा ईरा, मार्ताची दोन्ही मुलं आणि कॉम्प्लेक्समधली बाकी सगळी मुलं याच शाळेत चालत जातील.